जाते म्हणणाऱ्या मार्थाताई

मला संशय घेण्याचा पगार मिळत असे. तीस वर्षं मी डेट्रॉईटच्या आसपास गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतून क्वालिटी ऑडिटर म्हणून हिंडलो. समोरचा माणूस सगळं ठीक आहे म्हणाला की आपण ‘दाखवा’ म्हणायचं, एवढंच माझं काम. रिटायर झाल्यावर पगार थांबला, सवय थांबली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मार्थाताई साळव्यांची आणि माझी जी काही ओळख झाली, तिच्यातली पहिली दोन वर्षं मी त्यांच्यावर फक्त संशय घेण्यात घालवली.

पहिल्यांदा त्या दिसल्या आमच्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळाच्या गणपतीत. मंडळानं शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता आणि मागच्या किचनमध्ये तीनशे माणसांच्या भाजीचे बटाटे सोलायचे होते. सोलायला आम्ही आठजण बसलो होतो. त्यातल्या सातांची तोंडं हातांपेक्षा जास्त चालत होती. आठव्या बाई बुटक्या, अंगानं भरलेल्या, पायात नर्सचे पांढरे बूट, कपाळावर टिकली नाही. त्या घरून स्वतःची सुरी घेऊन आल्या होत्या. आमचं एक पातेलं होईपर्यंत त्यांची दोन झाली. मग त्यांनी सुरी धुतली, पुसली, रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जाते."

माझी बायको मंगल दचकलीच. निघताना ‘जाते’ म्हणतं का कुणी? ती हसत हसत म्हणाली, अहो, येते म्हणावं. बाई थांबल्या. "उद्याची शिफ्ट अजून लागली नाही," त्या म्हणाल्या. "येईन का नाही, मलाच माहीत नाही. मग येते कसं म्हणू?" आणि गेल्या. आमच्याकडे निरोप घ्यायला दारात अर्धा तास आणि गाडीपाशी आणखी पंधरा मिनिटं लागतात. या बाईंनी ते काम एका शब्दात उरकलं. त्यांच्या मागे सातही जणांनी त्यांच्याबद्दल बोलून घेतलं. अपशकुनी हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण तो किचनभर फिरून गेला.

माझ्या डोक्यात मात्र तेव्हाच फाईल उघडली गेली. हळूहळू तिच्यात कागद जमले. बाई राहुरीच्या, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. नवरा सुधीरराव, ब्रेकच्या डिझाइनमधले इंजिनियर, इतके कमी बोलणारे की लोक त्यांना मंडळाचा हिशेबनीस समजत. मुलगी रूथ, कॉलेजात. आणि हे तिघं दर जुलैमध्ये दोन आठवडे आफ्रिकेत मलावीला जात, तिथल्या कुठल्याशा खेड्यातल्या अनाथाश्रमात. चर्चतर्फे. म्हणजे मिशनरी म्हणून.

इथं माझा फॉर्म भरेना. मी सांगलीत वाढलो. मिशनरी म्हणजे पांढरा झगा, घारे डोळे आणि मोडकं मराठी, असं चित्र माझ्या डोक्यात पक्कं होतं. राहुरीची बाई, ‘काय ओ’ म्हणणारी, मिशिगनमधून उठून मलावीत मिशनरी होते, हे मला कुठल्याच रकान्यात बसवता येईना. जे रकान्यात बसत नाही त्यावर लाल खूण करायची, हे मला शिकवलेलं होतं.

त्या नाताळात मार्थाताईंनी मंडळातल्या दहा-बारा घरी फराळाचे डबे पाठवले. करंज्या, शंकरपाळे, चकल्या. आमचाही डबा आला. मंगलनं करंजी तोंडात टाकली, मी डबा रिकामा केला. फराळाच्या खाली एखादं पत्रक, एखादं वचन, काहीतरी निघणार याची मला खात्री होती. खाली टिश्यू पेपर निघाला. मी तोही उजेडासमोर धरून पाहिला. हे मी अजून मंडळात कुणाला सांगितलेलं नाही. करंज्या मात्र अप्रतिम होत्या आणि त्या मी मोकळ्या मनानं खाऊ शकलो नाही, याची आता चुटपुट लागते.

पुढच्या उन्हाळ्यात साळवे मलावीहून परत आले तेव्हा मंडळानं त्यांना कार्यक्रमात वीस मिनिटं दिली. आफ्रिकेचे अनुभव, स्लाईड शोसह. हॉलमध्ये अंधार केला. पहिला फोटो एका फाटकाचा. निळा पत्रा, खाली गंजलेला. दुसरा चुलीचा, तीन दगड आणि हंडा. तिसऱ्यात आंब्याचं झाड, चौथ्यात शेळी, पाचव्यात सुधीररावांनी बसवलेलं संडासाचं दार. मग मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा गोळा, तो कसा खातात ते त्यांनी हातानं करून दाखवलं. मग पुन्हा फाटक. बारा फोटो झाले, लाईट लागले. एकाही फोटोत एकही मूल नव्हतं.

मी हात वर केला. भर सभेत, ऑडिटच्या आवाजात विचारलं, "मुलं कुठं आहेत?"

"तिथंच आहेत," त्या म्हणाल्या. हॉल हसला. मी हसलो नाही. मी म्हणालो, फोटोत का नाहीत? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आजारी माणसाचं वजन अंदाजावं तसं. म्हणाल्या, "फोटो काढू का विचारलं तर हो म्हणतात. पाहुण्याला नाही कोण म्हणतं? म्हणून मी विचारतच नाही." लोकांना उत्तर आवडलं, टाळ्या पडल्या. मला ते उत्तर फार तयार वाटलं. शेळी दाखवता येते, मूल दाखवता येत नाही, असा अनाथाश्रम खरंच आहे का, हा प्रश्न मी त्या दिवशी मंगलला गाडीत विचारला. ती म्हणाली, तुम्हाला तुमचं बारसं झालं का याचाही पुरावा लागेल. त्या दिवसापासून मार्थाताई मला इन्स्पेक्टर म्हणू लागल्या. तोंडावर, सगळ्यांसमोर.

खरी ठिणगी पडली ती आमच्या मुलीवरून, सईवरून. सई अकरावीत होती. आमच्या ओळखीतलं प्रत्येक पोर कॉलेजच्या अर्जासाठी कुठे ना कुठे सेवा करत होतं. कुणी सूप वाढत होतं, कुणी कासवं वाचवत होतं. मंगलच्या मनात आलं, सईला साळव्यांबरोबर आठवडाभर पाठवू. अनाथाश्रम, आफ्रिका, अर्जाचा निबंध आपोआप लिहून होईल. माझ्याही मनात आलं, आपला माणूस आत जाईल, खरं-खोटं कळेल. दोघांचे हेतू दोन प्रकारचे हलके होते आणि दोघांनाही ते फार उदात्त वाटत होते.

मंगलनं फोन केला. मार्थाताईंनी नको म्हणून सांगितलं. मंगलला वाटलं, राहण्या-जेवण्याची अडचण असेल. ती म्हणाली, सई ॲडजस्ट करेल. "सई करेल हो," पलीकडून आलं. "मुलांचं काय?" आणि पुढे एक अट: सलग तीन वर्षं, त्याच आठवड्यात येणार असेल तर बोलू. त्याहून कमी नाही.

झालं. कुणाला आत येऊ द्यायचं नाही, फोटो दाखवायचे नाहीत, आणि वर अट तीन वर्षांची. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी अशा कारखान्यांची कुलपं उघडायला लावली होती. दुसऱ्याच दिवशी मी खिशात प्रश्नांची यादी घालून साळव्यांच्या घरी गेलो.

मार्थाताई नुकत्याच ड्युटीवरून आल्या होत्या. त्यांनी चहा ठेवला, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, काढा यादी. मी काढली. पहिला प्रश्न वाचला. त्यांनी चहात साखर टाकली, ढवळली आणि यादीतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर न देता मला पहिल्या वर्षाची गोष्ट सांगितली.

पहिल्या वर्षी त्या गेल्या तेव्हा तिथं तीस-बत्तीस मुलं होती. सगळी अनाथ नव्हेत. कुणाची मावशी होती, कुणाची आई दूर मळ्यात कामाला. त्यात चिसोमो नावाची सहा वर्षांची मुलगी. तिचा कान वाहत होता. नर्सच त्या, रोज सकाळी कान साफ करायचा, औषध घालायचं. दोन आठवड्यांत कान बरा झाला आणि ती मुलगी मार्थाताईंचं बोट धरून हिंडू लागली. निघायच्या दिवशी गाडी फाटकाशी आली. मुलं भोवती. चिसोमोनं बोट सोडलं नाही. मार्थाताई खाली वाकल्या आणि जन्मभर निघताना जे म्हणत आल्या तेच म्हणाल्या. येते गं.

आश्रमाची स्वयंपाकीण ॲग्नेस शेजारी होती. तिला इंग्रजी येई. तिनं रूथला विचारलं, काय म्हणाली तुझी आई? रूथचं मराठी आपल्या सगळ्यांच्या मुलांसारखं, घरातलं. तिनं शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, आय ॲम कमिंग. ॲग्नेसनं ते त्यांच्या भाषेत मुलांना सांगितलं.

"तिकडं दाराबाहेर पडताना असं म्हणणारा माणूस पाणी आणायला गेलेला असतो," मार्थाताई म्हणाल्या. "लगेच परत येणार असतो. मुलं हसली. चिसोमोनं बोट सोडलं. कुणीच रडलं नाही. मला वाटलं, किती समजूतदार मुलं."

चहावर साय धरली होती. मग त्यांनी एवढंच सांगितलं की मुलगी वाट बघत बसली आणि आपल्याला ते कळलं तेव्हा आपण तिथल्या राजधानीत, लिलाँगवेच्या विमानतळावर रांगेत होतो. "मागं फिरायचं होतं. पण सोमवारी ड्युटी होती. मी विमानात बसले, इन्स्पेक्टर. कशी बसले ते अजून मला कळत नाही."

दुसऱ्या वर्षी त्या मुद्दाम त्याच आठवड्यात गेल्या. चिसोमो जवळ आली नाही. लांब फाटकाशी उभी. तिसऱ्या वर्षीही तेच. "तिला माझा संशय येतो," मार्थाताई म्हणाल्या. "तुमच्यासारखाच. बरोबर आहे तिचं. म्हणून निघताना मी सांगते, जाते. पुढच्या जुलैत येईन. आणि जाते. एक वर्ष चुकलं की संपलं. मग ती कुणाचंच खरं मानणार नाही." सईला नको म्हणण्याचं कारणही तेच. दर उन्हाळ्यात माणसं येतात, मुलांना कडेवर घेतात, रडतात, फोटो काढतात आणि आयुष्यात पुन्हा तोंड दाखवत नाहीत. त्यात आपल्याकडून आणखी एक कशाला.

मी विचारलं, तिथं जाते म्हणता हे समजलं, पण नोव्हायमध्ये कशाला? आमच्या बायकांना किती लागतं ते. तर म्हणाल्या, जिभेला दोन सवयी लागत नाहीत. इथं येते म्हणत राहिले तर तिथं एक दिवस चुकून तोंडातून जाईल.

इतकं ऐकूनही मी माझ्या वळणावर गेलोच. मला वाटलं, एवढं मनाला लागलं म्हणजे मागे काहीतरी असणार. या बाई स्वतः लहानपणी बोर्डिंगात होत्या हे मला ठाऊक होतं. मी हळूच विचारलं, तुमच्या लहानपणी कुणी येतो म्हणून गेलं होतं का? मार्थाताई मोठ्यानं हसल्या. त्यांचे वडील दर रविवारी सायकलवरून बोर्डिंगला येत, पिशवीत भेळ असे, एकही रविवार चुकला नव्हता. म्हणाल्या, "सगळ्याला मागची गोष्ट नसते. माझी चूक आहे, एवढीच गोष्ट आहे."

ऑडिटमध्ये एकाच साक्षीदारावर थांबायचं नसतं. निघताना मी गॅरेजमध्ये सुधीररावांना गाठलं. ते एका फडताळाचा लाकडी दरवाजा घासत होते. मी म्हणालो, ती मुलगी वाट बघत बसल्याचं ताईंना कसं कळलं? त्यांनी घासपेपर खाली ठेवला. मग म्हणाले, मार्थाचं बीपीचं यंत्र आश्रमात राहिलं होतं, ते आणायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी, विमानाआधी, एकटा परत गेलो होतो. फाटक उघडायच्या आधी ती मुलगी दिसली. मांडीवर ताटली, तिच्यावर दुसरी उपडी. आदल्या दिवशीच्या जेवणातला तिचा वाटा तिनं मार्थासाठी झाकून ठेवला होता. गाडी बघून ती उठली, माझ्याकडे न बघता मागच्या सीटवर बघितलं. मग पुन्हा खाली बसली.

"ताटलीचं मी मार्थाला रांगेत सांगितलं," ते म्हणाले. "ती कुणाला सांगत नाही. तुम्हीही बोलू नका."

इतकी वर्षं मी बोललो नाही. आज लिहितोय, सुधीररावांना विचारूनच. त्या दिवशी घरी येऊन मी यादी फाडली आणि सईला अट सांगितली. सई म्हणाली, "दॅट्स फेअर, बाबा," आणि तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. तिनं निबंध तिच्या पोहण्याच्या भीतीवर लिहिला.

त्यानंतर मी संशय घ्यायचं सोडलं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी फक्त बाजू बदलली. मार्थाताईंच्या वतीनं मी बाकीच्यांवर संशय घेऊ लागलो. विमान कंपनीवर, हवामानावर, त्यांच्या हॉस्पिटलच्या रजेच्या पद्धतीवर. जूनपासून माझा फोन असे: तिकिटं झाली का, व्हिसाचं काय, पिवळ्या तापाचं इंजेक्शन? त्या वैतागून म्हणत, इन्स्पेक्टर, तुम्हीच या आता. मीही दर वर्षी पुढच्या वर्षी बघू म्हणे. एकदाही गेलो नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

आमच्या ओळखीच्या सहाव्या वर्षी मार्च महिन्यात त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. आयुष्यभर दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचलेली बाई. स्वतःचा वाचायला त्यांना कुणाची मदत लागली नाही. जुलैचं काय, हा त्यांचा डॉक्टरांना पहिला प्रश्न. डॉक्टर म्हणाले, प्रवास नाही. रूथ म्हणाली, मी जाते एकटी, मी सांगते तिला. मंगलनं, मी, सगळ्यांनी समजावलं. कारण खरं आहे, आजार आहे, मुलीला सांगितलं तर कळेल, आता बारा वर्षांची आहे. मार्थाताई ऐकून घेत आणि म्हणत, "न येणाऱ्याकडं कारण असतंच. माझ्याकडं पहिल्या वर्षी पण होतं. सोमवारची ड्युटी."

जुलैत मीच त्यांना विमानतळावर सोडलं. व्हीलचेअर, मांडीवर औषधांची पिशवी, वर सही केलेला कागद की ही बाई स्वतःच्या जबाबदारीवर प्रवास करते आहे. तो कागद मी तीनदा वाचला. मंगलला रडू आवरत नव्हतं. ती त्यांचा हात धरून म्हणाली, एवढ्या वेळी तरी येते म्हणा. माझ्यासाठी म्हणा. मार्थाताईंनी तिच्या हातावर थोपटलं. त्यांचेही डोळे भरले होते, पण त्या म्हणाल्या, "जाते, मंगल." सुधीररावांनी खुर्ची वळवली. मला त्या क्षणी त्यांचा राग आला. एक शब्द, फुकटचा शब्द, तोही ही बाई देत नाही.

तिथलं पुढचं मला रूथनं सांगितलं. दोन आठवडे मार्थाताई आंब्याखाली खाटेवर होत्या. चिसोमो नेहमीसारखी लांबच, पण खाट दिसेल अशा बेतानं. शेवटच्या दिवशी त्यांनी ॲग्नेसला बोलावलं आणि चिसोमोला नीट सांगायला लावलं: मी जाते. आता मी परत येणार नाही. पुढच्या जुलैत वाट बघू नकोस.

"काका, शी आस्क्ड ट्वाइस," रूथ म्हणाली. "ॲग्नेसनं नीट सांगितलं का, म्हणून. तिला वाटलं परत ट्रान्सलेशन चुकलं." दुसऱ्यांदाही तेच ऐकल्यावर ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. गाडी निघाली तेव्हा ती फाटकातून बाहेर आली, मागचं दार उघडून मार्थाताईंच्या शेजारी बसली. मोठा रस्ता लागेपर्यंत दोन मैल बसून राहिली, मार्थाताईंचं बोट धरून. वळणावर ती उतरली आणि मागे न बघता चालत गेली.

परत आल्यावर मार्थाताई घरीच होत्या, खिडकीजवळच्या पलंगावर. मी एक-दोनदा जाऊन आलो. शेवटचा गेलो तो सोमवार होता. चेहरा इवलासा झाला होता, आवाज फारसा उरला नव्हता. मी मंडळाच्या गमती सांगितल्या, गणपतीच्या बटाट्यांचं यंदा काय होणार म्हणालो. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. झोप लागली असं वाटून मी उठलो आणि दाराशी सवयीनं म्हणालो, येतो हं.

मागून आवाज आला. "कधी?"

मी वळलो. त्यांचे डोळे उघडे होते आणि माझ्यावर रोखलेले होते. साठ वर्षं मी येतो म्हणत लोकांच्या घरातून बाहेर पडत आलो. कधी, असं मला कुणीही विचारलं नव्हतं. त्या माझी अडचण बघत होत्या. ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू होतं.

"गुरुवारी," मी म्हणालो. "दुपारी चारला."

"चारला," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटले.

बुधवारी पहाटे त्या गेल्या. मंगल म्हणाली, आता शुक्रवारी चर्चमध्ये अंत्यविधीला जाऊच, तुम्ही मध्ये कशाला त्रास देता त्यांना. मी गुरुवारी गाडी काढली. चारला पाच मिनिटं असताना त्यांच्या दाराशी उभा राहिलो आणि चार वाजल्यावर बेल दाबली. सुधीररावांनी दार उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बाजूला झाले.

"या," ते म्हणाले. "तिनं सांगून ठेवलं होतं." टेबलावर चहाचा कप होता, बशीनं झाकलेला.